टायट्रेशनचं गणित: आधी मोल, मग सूत्र

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पाऊण तास उलटला की प्रयोगशाळेत कुजबुज सुरू होते. "तुझं किती आलं?" "दहा पॉइंट चार." "माझंही तेवढंच." दोघंही निर्धास्त होतात आणि गणिताकडे वळतात. खरी गंमत उत्तरपत्रिका तपासायला घेतल्यावर कळते. ब्युरेटचं रीडिंग सगळ्यांचं जवळपास सारखं असतं, १०.३, १०.४, १०.४. सोडियम हायड्रॉक्साइडची मोलॅरिटी मात्र दोन गटांत वाटली गेलेली असते. एका गटाचं उत्तर ०.०९६२, दुसऱ्याचं ०.०४८१, म्हणजे बरोबर निम्मं.

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवताना हा 'निम्म्याचा घोळ' मी दरवर्षी पाहतो. हात थरथरला, थेंब जास्त पडला, तर उत्तरात शेकडा एक-दोनचा फरक पडेल. त्याने उत्तर निम्मं होत नाही. निम्मं होतं ते 'एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू' हे सूत्र जपमाळेसारखं ओढल्यामुळे. तासभर उभं राहून, मान वाकडी करून, थेंब-थेंब मोजून मिळवलेलं रीडिंग शेवटच्या दोन ओळींत वाया जातं.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांची आणखी एक अडचण असते. कालपर्यंत जे 'उदासिनीकरण' आणि 'संहती' होतं, ते अकरावीत एकदम 'न्यूट्रलायझेशन' आणि 'कॉन्सन्ट्रेशन' होतं. शब्दांशी झटापट करण्यात अर्थ हातातून निसटतो आणि सूत्र तेवढं पाठ राहतं. म्हणून या लेखात सूत्र मुद्दाम मागे ठेवलं आहे. आधी मोल मोजू, मग समीकरणाला विचारू आणि शेवटी भागाकार करू.

आपण नेमकं काय मोजतो?

समजा, एका बंद डब्यात दहा-दहा रुपयांच्या काही नोटा आहेत. किती, ते ठाऊक नाही. डबा उघडायची परवानगी नाही, पण त्या सगळ्या नोटांच्या बदल्यात पाच-पाच रुपयांची नाणी मोजून मिळतील. तुम्हाला ४० नाणी मिळाली. डब्यात नोटा किती होत्या? ४० म्हणणारा कुणी भेटणार नाही. एका नोटेला दोन नाणी, म्हणून २० नोटा, हे दुसरीतलं पोरही सांगेल.

टायट्रेशन म्हणजे हाच सुट्ट्यांचा व्यवहार. आम्ल आणि अल्क एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात अभिक्रिया करतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक मोल सोडियम हायड्रॉक्साइडचा एक मोल संपवतो. ऑक्झॅलिक ॲसिडचा एक मोल दोन हायड्रोजन आयन देऊ शकतो, म्हणून तो सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल संपवतो. ऑक्झॅलिक ॲसिड ही दहाची नोट आणि सोडियम हायड्रॉक्साइड हे पाचचं नाणं. ब्युरेट आपल्याला नाण्यांचा आकडा सांगते. त्यावरून नोटा किती, हे समीकरण सांगतं. ब्युरेटकडे ती माहिती नसतेच.

रेणू डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून आपण मोल वापरतो. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात विरघळलेले मोल. तेव्हा मोल हवे असतील तर मोलॅरिटीला लिटरने गुणायचं, आणि मोलॅरिटी हवी असेल तर मोलांना लिटरने भागायचं. टायट्रेशनच्या साऱ्या गणिताला एवढं पुरतं.

एक सोय मात्र सुरुवातीलाच करून घ्या. शाळा-कॉलेजच्या प्रयोगात सगळी आकारमानं मिलिलिटरमध्ये असतात. दरवेळी १००० ने भागत बसलं की शून्यांचा गोंधळ होतो. मोलॅरिटीला थेट मिलीने गुणा, उत्तर मिलिमोलमध्ये येईल. मिलिमोलला मिलीने भागा, उत्तर थेट मोलॅरिटीत येईल. एक शून्य इकडचं तिकडे होऊन उत्तर दहापट चुकण्याचे प्रकार एवढ्यानेच निम्मे कमी होतात.

चार पायऱ्या

कोणतंही टायट्रेशन समोर आलं की याच क्रमाने चला.

१. समीकरण संतुलित करून लिहा आणि आम्ल व अल्क यांच्या आधी येणारे अंक गोल करून ठेवा.

२. ज्या द्रावणाची संहती आणि आकारमान दोन्ही माहीत आहेत, त्याचे मिलिमोल काढा.

३. समीकरणातल्या प्रमाणावरून दुसऱ्या पदार्थाचे मिलिमोल काढा.

४. ते मिलिमोल त्याच पदार्थाच्या आकारमानाने भागा. उत्तर ग्रॅममध्ये मागितलं असेल तर मोलर वस्तुमानाने गुणा.

घोळ होतो तो तिसऱ्या पायरीवर. दुसरी आणि चौथी पायरी कॅल्क्युलेटर करतो, ही मात्र तुम्हालाच करावी लागते.

पहिलं उदाहरण: ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड

प्रश्न बहुधा असा असतो: दिलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची मोलॅरिटी काढा. इथे एक शंका यायला हवी. सोडियम हायड्रॉक्साइड वजन करून पाण्यात टाकलं की मोलॅरिटी आपोआप कळणार नाही का? एक गोळी वॉच ग्लासवर ठेवून पाहा. थोड्या वेळात ती ओलसर, चिकट होते. ती हवेतलं पाणी ओढते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रियाही करते. तराजू जे वजन दाखवतो त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किती आणि बाकी किती, याचा भरवसा नसतो. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक हवेत बऱ्यापैकी तसेच राहतात आणि शुद्ध मिळतात. म्हणून त्यांचं द्रावण 'स्टँडर्ड' मानायचं आणि त्याच्या आधाराने दुसऱ्याची संहती काढायची.

२५० मिली ०.०५० मोलर द्रावण करायचं आहे. मिलिमोल हवेत ०.०५० × २५० = १२.५. स्फटिकरूप ऑक्झॅलिक ॲसिडच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून मोलर वस्तुमान ९० नव्हे तर १२६ धरायचं. १२.५ × १२६ = १५७५ मिलिग्रॅम, म्हणजे १.५७५ ग्रॅम. इथे ९० धरून संहती काढणारे विद्यार्थीही भेटतात. त्यांची स्टँडर्ड संहतीच ०.०७० येते आणि पुढचं सगळं गणित ४० टक्क्यांनी फुगतं. बाटलीवरच्या नावात 'डायहायड्रेट' आहे का, हे वाचायला दोन सेकंद लागतात.

आता पिपेटने १०.० मिली ऑक्झॅलिक ॲसिड कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्या, फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. द्रावण रंगहीन असतं ते फिकट गुलाबी झालं की थांबायचं. रीडिंग आली १०.३, १०.४ आणि १०.४. कॉन्स्टंट रीडिंग १०.४ मिली.

पायरी पहिली: ऑक्झॅलिक ॲसिड + २ सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम ऑक्झॅलेट + २ पाणी. प्रमाण १ : २.

पायरी दुसरी: ऑक्झॅलिक ॲसिडचे मिलिमोल = ०.०५० × १०.० = ०.५०.

पायरी तिसरी: सोडियम हायड्रॉक्साइडचे मिलिमोल = ०.५० × २ = १.००.

पायरी चौथी: मोलॅरिटी = १.०० ÷ १०.४ = ०.०९६२ मोलर. ग्रॅममध्ये ०.०९६२ × ४० = ३.८५ ग्रॅम प्रति लिटर.

तिसरी पायरी गाळली तर ०.५० ÷ १०.४ = ०.०४८१. दुसऱ्या गटाचं उत्तर कुठून आलं, ते आता दिसलं असेल.

सूत्र वापरायचंच असेल तर

'एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू' हे सूत्र चुकीचं नाही. ते दोन जागी चालतं: एकच द्रावण पाणी घालून विरल करताना, आणि समीकरणातलं प्रमाण १ : १ असताना. इतर वेळी दोन्ही बाजूंना आपापल्या मोलांच्या अंकाने भागावं लागतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या बाजूला १ ने आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाजूला २ ने.

घरात कुणी जुन्या अभ्यासक्रमात शिकलेलं असेल तर ते म्हणतील, "आम्ही तर नॉर्मॅलिटी वापरायचो, आमचं सूत्र कधी चुकत नव्हतं." त्यांचं म्हणणं खरं आहे. नॉर्मॅलिटीत हे प्रमाण आधीच मुरलेलं असतं. ऑक्झॅलिक ॲसिडचं तुल्यांकी वजन १२६ च्या निम्मं, म्हणजे ६३ धरतात, म्हणून ०.०५० मोलर द्रावण ०.१० नॉर्मल होतं आणि सूत्र सरळ लागू पडतं. फक्त एक पथ्य पाळा: एका बाजूला मोलॅरिटी आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मॅलिटी असा संसार मांडू नका.

दुसरं उदाहरण: स्वयंपाकघरातलं व्हिनेगर

आता आपल्या हाती संहती माहीत असलेलं सोडियम हायड्रॉक्साइड आहे. त्याच्या खांद्यावर उभं राहून पुढचा अज्ञात गाठता येतो. व्हिनेगरच्या बाटलीवर ४ टक्के ॲसेटिक ॲसिड असं छापलेलं आहे, ते तपासू.

व्हिनेगर थेट घेतलं तर ब्युरेट पुन्हा पुन्हा भरावी लागेल, म्हणून ते आधी विरल करायचं. १०.० मिली व्हिनेगर १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत पाणी भरा. या विरल द्रावणातलं १०.० मिली टायट्रेशनला घ्या. समजा ०.०९६२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ७.२ मिली लागलं.

सोडियम हायड्रॉक्साइडचे मिलिमोल = ०.०९६२ × ७.२ = ०.६९३. ॲसेटिक ॲसिड एकच हायड्रोजन आयन देतं, म्हणून प्रमाण १ : १ आणि त्याचेही मिलिमोल ०.६९३. विरल द्रावणाची मोलॅरिटी ०.६९३ ÷ १०.० = ०.०६९३. मूळ व्हिनेगर याच्या दसपट, म्हणजे ०.६९३ मोलर. मोलर वस्तुमान ६०, तेव्हा लिटरला ४१.६ ग्रॅम आणि १०० मिलीला ४.१६ ग्रॅम. शेवटी सुमारे ४.२ टक्के लिहा. बाटली खरं बोलते आहे.

इथला खड्डा विरलनाचा. दहाने गुणायचं राहिलं तर उत्तर ०.४२ टक्के येतं. बाटलीवरच्या ४ टक्क्यांच्या ते जवळपासही नाही. उत्तर आलं की त्याला आपल्या अनुभवाशी भिडवून पाहायची सवय लावा, अशा चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात.

हीच पद्धत डेअरीत रोज वापरली जाते. दूध आंबायला लागलं आहे का, हे पाहायला १० मिली दुधात फिनॉल्फथॅलीन टाकून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करतात. १.६ मिली लागलं तर ०.१६ मिलिमोल. लॅक्टिक ॲसिडचं मोलर वस्तुमान ९०, म्हणून १४.४ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१४४ टक्के. ताज्या दुधाचा आकडा साधारण याच्याच आसपास असतो. त्यात एक मेख आहे. ताज्या दुधात लॅक्टिक ॲसिड जवळजवळ नसतंच, तिथे अल्क खातात ती दुधातली प्रथिनं आणि फॉस्फेटं. आकडा 'लॅक्टिक ॲसिडच्या हिशेबात' मांडण्याची नुसती रीत आहे. दूध आंबू लागलं की खरं लॅक्टिक ॲसिड तयार होतं आणि रीडिंग वर चढतं. टायट्रेशन अल्क किती लागलं एवढंच सांगतं. ते कुणी खाल्लं, हे आपल्याला आधी माहीत असावं लागतं.

दिलेले वजा उरलेले: बॅक टायट्रेशन

अंड्याचं कवच पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पिपेटने मोजून घेता येत नाही. अशा वेळी उलट बाजूने जायचं. किराणा दुकानात ५०० ची नोट दिली आणि १२४ रुपये परत आले, तर सामान ३७६ चं. बॅक टायट्रेशनमध्ये याहून वेगळं काही नाही.

कवचाची १.०० ग्रॅम कोरडी पूड घ्या. त्यावर ०.५०० मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड ५०.० मिली ओता. दिलेलं ॲसिड २५.० मिलिमोल. बुडबुडे थांबल्यावर द्रावण गाळून २५० मिली करा. त्यातल्या २५.० मिलीला ०.१०० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ६.२ मिली लागलं. म्हणजे त्या २५ मिलीत ०.६२ मिलिमोल ॲसिड उरलं होतं आणि पूर्ण २५० मिलीत ६.२ मिलिमोल. खर्च झालं २५.० − ६.२ = १८.८ मिलिमोल. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलाला ॲसिडचे दोन मोल लागतात, तेव्हा कार्बोनेट ९.४ मिलिमोल. मोलर वस्तुमान १०० धरून ०.९४ ग्रॅम. कवचात ९४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट आहे.

या गणितात भागायचं केव्हा आणि वजा करायचं केव्हा याचा गोंधळ होतो. आधी उरलेलं पूर्ण करून घ्या (इथे दसपट), मग वजाबाकी करा आणि समीकरणातलं प्रमाण सर्वांत शेवटी लावा.

दर्शक कोणता?

हळदीचा डाग साबणाने धुवायला गेलं की लाल होतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. पारंपरिक कुंकवाचा लाल रंगही हळदीवर चुन्यासारख्या अल्काची प्रक्रिया करूनच येतो. प्रयोगशाळेतले दर्शक याच जातीचे आहेत, फक्त प्रत्येकाची रंग बदलण्याची जागा ठरलेली आहे. मिथिल ऑरेंज पीएच ३.१ ते ४.४ च्या दरम्यान बदलतं, फिनॉल्फथॅलीन साधारण ८.३ ते १० च्या दरम्यान.

तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क असेल तर शेवटाजवळ पीएच एका थेंबात एवढी उडी मारतो की दोन्ही चालतात. व्हिनेगर किंवा ऑक्झॅलिक ॲसिड सोडियम हायड्रॉक्साइडसोबत असेल तर फिनॉल्फथॅलीनच घ्या. तीव्र आम्ल आणि अमोनियासारखं सौम्य अल्क असेल तर मिथिल ऑरेंज. दोन्ही बाजू सौम्य असतील तर उडीच नसते, त्यामुळे कोणताही दर्शक नीट उपयोगी पडत नाही.

दर्शकाचा थेट गणिताशी संबंध येतो तो धुण्याच्या सोड्यात. सोडियम कार्बोनेटमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड घालताना फिनॉल्फथॅलीनचा रंग अर्ध्या वाटेवरच, बायकार्बोनेट तयार होताच जातो. तिथे प्रमाण १ : १ असतं. मिथिल ऑरेंज पूर्ण अभिक्रियेपर्यंत थांबतं, तिथे प्रमाण १ : २. प्रश्नात दर्शकाचं नाव दिलं असेल तर ते सजावटीला दिलेलं नसतं.

चुका आणि त्यांची दिशा

व्हायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतात: "फ्लास्क ओला राहिला तर काय होईल?" पाठ उत्तर देण्यापेक्षा एकच प्रश्न स्वतःला विचारा: यामुळे कुणाच्या मोलांची संख्या बदलली? आपल्या पहिल्या उदाहरणावर, म्हणजे फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड आणि ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असताना, हे लावून पाहू.

• फ्लास्कमध्ये शुद्ध पाणी राहिलं: ऑक्झॅलिक ॲसिडचे मोल तेवढेच. काही फरक नाही.

• फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडनेच खंगाळला: जादा मोल आत राहिले. रीडिंग वाढेल, मोलॅरिटी खऱ्यापेक्षा कमी येईल.

• पिपेटमध्ये पाणी राहिलं: ऑक्झॅलिक ॲसिड कमी गेलं. रीडिंग घटेल, मोलॅरिटी जास्त येईल. म्हणून पिपेट आणि ब्युरेट ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने आधी खंगाळायची.

• ब्युरेटमध्ये पाणी राहिलं: अल्क पातळ झालं. रीडिंग वाढेल, मोलॅरिटी कमी येईल.

• ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता आणि मधेच निघून गेला: बुडबुड्याची जागा भरायला गेलेलं द्रावणही रीडिंगमध्ये मोजलं गेलं. मोलॅरिटी कमी.

• पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून पाडला: साधी पिपेट तो थेंब टोकात राहील असं धरूनच आखलेली असते. फुंकला तर जास्त ॲसिड गेलं, मोलॅरिटी कमी.

या यादीत नसलेला एक प्रकार माझ्या स्वतःच्या अंगावरचा आहे. बारावीच्या परीक्षेत ब्युरेट भरून झाल्यावर मी नरसाळं तसंच वर ठेवून दिलं. पहिली दोन रीडिंग १०.४ आणि तिसरं एकदम १०.१. नरसाळ्यातून थेंब ओघळत खाली येत होते आणि ब्युरेटची पातळी मी सोडलेल्या द्रावणापेक्षा कमी उतरत होती. कारण मला सुचलंच नाही. शेजाऱ्याच्या वहीत १०.४ दिसलं आणि मी १०.१ खोडून १०.४ लिहिलं. गुण मिळाले, पण व्हायवात सरांनी त्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवून "हे का?" विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोडण्यापेक्षा एकदा मान वर करून नरसाळं पाहिलं असतं, तर उत्तरही मिळालं असतं आणि व्हायवाही सोपी गेली असती.

डोळ्यांचीही एक सवय लावून घ्या. ब्युरेटचं शून्य वरच्या टोकाला असतं आणि आकडे खाली वाढत जातात. वरून वाकून पाहिलं तर रीडिंग खऱ्यापेक्षा कमी दिसतं. द्रावणाच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ आणि तुमचा डोळा एका रेषेत हवा. मागे पांढरा कागद धरला की तो तळ स्वच्छ दिसतो. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली की पहिली गुलाबी झाक चटकन लक्षात येते. ती झाक अर्धा मिनिट टिकली की टायट्रेशन संपलं. नंतर ती हळूहळू फिकी पडते ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ती परत आणायला आणखी थेंब टाकू नका. आणि पिपेट तोंडाने ओढण्याची सवय असेल तर आजच सोडा. रबरी बल्ब किंवा पिपेट फिलर वापरा. सोडियम हायड्रॉक्साइडचा एक घोट गणित शिकवणार नाही.

उत्तर किती आकडी लिहायचं?

कॅल्क्युलेटर ०.०९६१५३८ दाखवतो म्हणून तेवढं लिहायचं नसतं. साध्या ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा असतात आणि एका थेंबाचं आकारमान साधारण ०.०५ मिली असतं. १० मिलीच्या रीडिंगमध्ये ०.१ मिली इकडेतिकडे झालं तर तो एक टक्का. तेव्हा १०.४ सारख्या तीन अंकी रीडिंगवरून तीनच सार्थ अंक लिहा: ०.०९६२. मधल्या पायऱ्यांत मात्र एखादा अंक जास्त ठेवा आणि राउंडिंग शेवटी करा. सोयीस्कर म्हणून ०.१ लिहून मोकळं होणं हा चार टक्क्यांचा घाटा आहे.

कस लावण्याचं शास्त्र

टायट्रेशन हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला, तो सोन्या-चांदीच्या शुद्धतेसाठी, आपल्या भाषेत कसासाठी वापरला जाई. ब्युरेट आणि पिपेट ही नावं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये रूढ केली. जर्मन औषधशास्त्रज्ञ कार्ल फ्रिडरिश मोर यांनी ब्युरेट सुधारली आणि १८५५ मध्ये टायट्रेशनवर पाठ्यपुस्तक लिहिलं. बारावीत पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला जो 'मोर्स सॉल्ट' घेता, तो यांच्याच नावाचा. ते टायट्रेशन आम्ल-अल्काचं नाही, दर्शकही वेगळा टाकावा लागत नाही आणि प्रमाण १ : ५ आहे. तरी चार पायऱ्या याच. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी तिथे नव्याने अडखळतो. मोल मोजणाऱ्याला फक्त तिसऱ्या पायरीतला अंक बदलावा लागतो.

सरावासाठी तीन गणितं

पहिलं: सल्फ्युरिक ॲसिडच्या २५.० मिली द्रावणाला ०.१२० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २०.० मिली लागलं. ॲसिडची मोलॅरिटी काढा.

दुसरं: चुन्याच्या निवळीच्या २५.० मिलीला ०.०५०० मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड २२.० मिली लागलं. एक लिटर निवळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड किती ग्रॅम? मोलर वस्तुमान ७४ घ्या.

तिसरं: धुण्याच्या सोड्याचे २.८६ ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून २५० मिली द्रावण केलं. त्यातल्या २५.० मिलीला, मिथिल ऑरेंज वापरून, ०.१०० मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड २०.० मिली लागलं. सोड्याच्या एका रेणूसोबत पाण्याचे किती रेणू आहेत? निर्जल सोडियम कार्बोनेटचं मोलर वस्तुमान १०६ आणि पाण्याचं १८.

उत्तरं अशी. पहिलं: २.४० मिलिमोल अल्क, १.२० मिलिमोल ॲसिड, ०.०४८० मोलर. दुसरं: १.१० मिलिमोल ॲसिड, ०.५५ मिलिमोल कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ०.०२२० मोलर, लिटरला १.६३ ग्रॅम. चुना पाण्यात किती थोडा विरघळतो, ते यावरून दिसतं. तिसरं: २.०० मिलिमोल ॲसिड, म्हणजे २५ मिलीत १.०० आणि २५० मिलीत १०.० मिलिमोल कार्बोनेट. २.८६ ग्रॅममध्ये ०.०१०० मोल, म्हणून स्फटिकांचं मोलर वस्तुमान २८६. २८६ − १०६ = १८०, १८० ÷ १८ = १०. पाण्याचे दहा रेणू.

तिन्ही गणितांत प्रमाण १ : १ नाही, हे लक्षात आलं असेल. मुद्दामच तशी निवडली आहेत. तुमचं एखादं उत्तर वरच्या उत्तराच्या नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं असेल, तर पाटी पुसून सगळं नव्याने करू नका. ब्युरेटचं रीडिंग बरोबर आहे, गुणाकारही बहुधा बरोबर आहे. थेट तिसऱ्या पायरीवर जा आणि समीकरणातले गोल केलेले अंक पुन्हा वाचा.